विभा आणि संतमस

गेल्या भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवसाची पहाट. माझी थोरली बहीण सकाळच्या पहिल्या एस.टी.ने सासरी परत निघावयाची होती, म्हणून आमचे घर चार वाजताच जागे झाले. अंगणातल्या चुलीवर पाण्याचा हंडा चढला होता. खाली पऱ्हाटीचा जाळ लागला होता. सोयाबीन काढून झालेले, तूर फुलोऱ्यात, कापसाची पहिली वेचणी घरात येऊन पडलेली, अशा दिवसांत आमच्या वाशिम जिल्ह्यात पहाटेच्या हवेला एक हवाहवासा गारवा असतो. चंद्र तीन दिवसांचा, तो आदल्या संध्याकाळीच बुडालेला. गावचे पथदिवे नेहमीप्रमाणे गेलेले. त्यामुळे आकाश असे भरून आले होते की, आदल्या चार रात्री आपण लावलेल्या पणत्यांची आपल्यालाच लाज वाटावी.

पाणी तापेपर्यंत आम्ही भावंडे चुलीपाशी बसलो. ताई वर पाहत होती. मग म्हणाली, "बाबू, तू इस्कुलात पोरायले आभायातलं काय काय सांगतं. मले बी सांग ना एखांदं."

वाचकहो, मी एका लहानशा शाळेतला मास्तर. माझे स्वतःचे शिक्षण मॅट्रिकपलीकडे गेले नाही. फावल्या वेळी कादंबऱ्या लिहितो, म्हणून गावात थोडा मान आहे इतकेच. आकाशाचे म्हणाल तर मी हौशी माणूस, शास्त्रज्ञ नव्हे. पण ताईने विचारले आणि मी टाळले, असे कधी घडलेले नाही. कारण आमच्या घरात खरे डोके तिचे होते. आजोबांनी शिकविलेली पावकी-निमकी ती चुलीपुढे भाकरी थापता थापता म्हणे, आणि मी पाटीवर करीत बसलेली गणिते ती नुसती ऐकून सोडवी. सातवीनंतर तिची शाळा सुटली. आठवीचा वर्ग पलीकडच्या गावी होता, वाटेत नदी होती आणि ती मुलगी होती. त्याच वाटेने चार वर्षांनी मी गेलो. या गोष्टीबद्दल आम्ही दोघे कधी बोललो नाही.

मी पूर्वेकडे बोट दाखविले. तेथे विळ्यासारखी वाकलेली ताऱ्यांची एक ओळ दिसत होती. ते सिंह राशीचे डोके आणि आयाळ. विळ्याच्या मुठीशी जो ठळक तारा, ती मघा. ताईला मघा ठाऊक होती, पण पावसाची. मघाचा पाऊस पडला की ज्वारी कशी उठते ते ती मला शिकवील. ती मघा आकाशात अशी दिसते, हे तिने पहिल्यांदाच पाहिले. मी म्हटले, "आता हात लांब करून मूठ धर. मघाच्या उजव्या हातास दीड मूठ अंतर मोज. तेथे काय दिसते?"

"काईच नाही. काया अंधार."

"त्या अंधारात एक सूर्य आहे," मी म्हटले. "आपल्या सूर्यासारखाच. थोडा मोठा, थोडा अधिक तापलेला. आणि त्याच्याभोवती एक मोठा थोरला ग्रह फिरतो आहे, आपल्या गुरूपेक्षा दीडपट वजनाचा."

ताईने मूठ खाली घेतली आणि मला एकामागून एक तीन प्रश्न विचारले. माझ्या पाचवी ते दहावीच्या वर्गांनी मिळून इतके नेमके प्रश्न मला कधी विचारलेले नाहीत. म्हणून हा लेख त्या तीन प्रश्नांच्याच क्रमाने लिहितो.

पहिला प्रश्न होता, "दिसत नाही तं मंग आहे, हे कशावरून म्हनता?"

हा तारा नुसत्या डोळ्यांना दिसत नाही हे खरे, पण लहानशा दुर्बिणीतून सहज दिसतो. तो ज्या तारकासमूहात आहे त्याचे पाश्चात्त्य नाव सेक्स्टन्स, म्हणजे कोन मोजण्याचे एक यंत्र. डान्झिग शहरी हेवेलियस नावाचा एक ज्योतिर्विद होता. १६७९ मध्ये त्याच्या वेधशाळेला आग लागली आणि त्याची आयुष्यभराची यंत्रे जळून गेली. त्यांतले एक यंत्र त्याने आकाशात मांडून ठेवले. सिंहाच्या पायाखालच्या ओसाड जागेतले मंद तारे जोडून त्याने १६८७ मध्ये हा समूह कल्पिला. आपला तारा या ओसाडीत आहे. तेथून येथवर प्रकाश पोहोचावयास सुमारे ३४० वर्षे लागतात. म्हणजे आज एखाद्याने दुर्बिणीस डोळा लावला, तर त्याच्या डोळ्यांत शिरणारा किरण त्या ताऱ्यावरून निघाला तेव्हा रायगडावर छत्रपती संभाजी महाराजांचे राज्य होते. औरंगजेब दख्खनेत उतरलेला होता, आणि हेवेलियस आपल्या जळक्या यंत्राची आठवण आकाशात टाचून ठेवीत होता.

तारा दिसला, पण त्याचा ग्रह? तो कोणत्याही दुर्बिणीतून दिसलेला नाही. ताऱ्याच्या झगमगाटात तो बुडालेला असतो. मग तो ओळखला कसा? ताईला मी फुगडीची आठवण दिली. दोन सारख्या वयाच्या मुली फुगडी घालतात तेव्हा दोघीही सारख्याच फिरतात. पण एखादी थोराड बाई लहान पोरीचे हात धरून फुगडी घालू लागली, तर पोर मोठे रिंगण घेते आणि बाई जागच्या जागी फिरल्यासारखी दिसते. तरी नीट पाहा, बाईसुद्धा किंचित मागे झुकून छोटेसे रिंगण घेतच असते. तसे न करील तर तोल जाईल. आता समजा, अंधार आहे, पोर दिसत नाही, पण बाईच्या हातात कंदील आहे. तो कंदील एका तालात पुढे-मागे हलताना दिसला, तर तुम्ही काय म्हणाल? बाईने कोणाचा तरी हात धरला आहे, असेच ना?

ताऱ्यांच्या बाबतीत हेच. ग्रहाच्या ओढीने तारा डुलतो. तो आपल्याकडे येत असता त्याच्या प्रकाशलहरी किंचित दाटतात, दूर जात असता किंचित विरळ होतात. जवळ येणाऱ्या एस.टी.चा भोंगा उंच वाटतो आणि गाडी पुढे निघून गेली की तोच भोंगा उतरतो, तसा हा प्रकार. प्रकाशाचे रंग उलगडून त्यांतल्या काळ्या रेघांची सरक मोजली, म्हणजे ताऱ्याचा वेग कळतो. वेगाचा ताल कळला म्हणजे ग्रहाचे वर्ष कळते, आणि त्या वेगावरून ग्रहाचे वजन, निदान ते कमीत कमी किती असावे, हे गणिताने काढता येते.

ही युक्ती आज पाठ्यपुस्तकांत आली असली, तरी तिच्यामागचा तर्क जुना आहे, आणि त्याचा एक धागा आपल्या पुण्यास येऊन पोहोचतो. विल्यम स्टीफन जेकब हा ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई इंजिनियर्स पलटणीतला अधिकारी. १८३१ मध्ये तो हिंदुस्थानात आला, त्रिकोणमितीय सर्वेक्षणात काम केले, आणि १८४२ मध्ये पुण्यास त्याने स्वतःची खाजगी वेधशाळा उभारली. तेथे त्याने जोडताऱ्यांचे वेध घेतले आणि २४४ जोडताऱ्यांची यादी तयार केली. पुढे तो मद्रास वेधशाळेचा प्रमुख झाला. भुजंगधारी समूहात सत्तर क्रमांकाचा एक जोडतारा आहे. त्यातले दोन सूर्य सुमारे ८८ वर्षांत एकमेकांस प्रदक्षिणा घालतात. पण गणित सांगे त्या जागी ते नेमके सापडत ना. १८५५ मध्ये जेकबने लिहिले की, या चुकामुकीचे कारण त्या जोडीपैकी एकाभोवती फिरणारा, न दिसणारा ग्रह असावा. सूर्याखेरीज दुसऱ्या ताऱ्यास ग्रह असल्याचा, वेधांच्या आधारे केलेला हा जगातला पहिला दावा समजला जातो.

दावा टिकला नाही. चूक ताऱ्यांची नव्हती, वेधांची होती. त्या काळची यंत्रे इतके बारीक मोजण्यास समर्थ नव्हती. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत तोच दावा पुन्हा मांडला गेला आणि तोही गणितापुढे टिकला नाही. पण जेकबचा तर्क पाहा: 'जो दिसतो त्याच्या चालीवरून, जो दिसत नाही त्याला ओळखावे.' तर्क सोळा आणे खरा होता, मोजपट्टी तेवढी आखूड पडली. प्रकृती बिघडली म्हणून जेकबने मद्रास सोडले. पण पुण्याच्या परिसरात उंच डोंगरावर वेधशाळा उभारण्याचे वेड त्याच्या डोक्यातून गेले नाही. १८६२ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटाने त्यासाठी एक हजार पौंड मंजूर केले. नऊ इंची दुर्बिणीची योजना ठरली. ८ ऑगस्ट रोजी तो मुंबई बंदरात उतरला आणि १६ ऑगस्टला पुण्यास पोहोचताच वारला. वय अवघे अठ्ठेचाळीस. ती डोंगरावरची वेधशाळा त्याच्याबरोबरच गेली.

मोजपट्टी पुरेशी लांब होण्यास आणखी शंभरावर वर्षे लागली. १९५२ मध्ये ऑटो स्ट्रूव्ह या ज्योतिर्विदाने सुचविले की, गुरूएवढे ग्रह ताऱ्याच्या अगदी लगत फिरत असतील तर प्रकाशाच्या रेघांवरून ते सापडू शकतील. त्या वेळी ते फारसे कोणी मनावर घेतले नाही. गुरूसारखा राक्षस ताऱ्याच्या चुलीत कशाला जाऊन बसेल, असा सगळ्यांचा समज. १९९५ मध्ये स्वित्झर्लंडच्या मिशेल मायोर आणि दिदिए केलोझ या गुरुशिष्यांनी महाश्व समूहातल्या ५१ क्रमांकाच्या ताऱ्याभोवती अगदी असाच ग्रह दाखवून दिला. तो सूर्यासारखा तारा, आणि त्याला सव्वाचार दिवसांत प्रदक्षिणा घालणारा महाकाय ग्रह. २०१९ चे पदार्थविज्ञानाचे नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले, ते अर्ध्या वाट्याचे. आपल्या मघाखालच्या ताऱ्याचा ग्रह २००६ मध्ये अमेरिकी शास्त्रज्ञांच्या एका गटाने हवाई बेटावरील केक वेधशाळेतून शोधला. हा ग्रह तर त्याहून अचाट. त्याचे वर्ष दोन दिवस आणि सव्वातीन तासांचे! आपला बुध सूर्यापासून जितका दूर आहे, त्याच्या एकदशांश अंतरावरून तो फिरतो. आपण येथे एक दिवाळी करून दुसरीची वाट पाहतो, तोवर तेथे एकशे सत्तर वर्षे उलटलेली असतात. तापमान हजार अंशांच्या वर. त्याची एक बाजू सदैव ताऱ्याकडे आणि दुसरी सदैव रात्रीत, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. त्याच्या ओढीने तारा सेकंदाला सुमारे २०० मीटर वेगाने डुलतो. आपला गुरू आपल्या सूर्याला ओढतो तो वेग बारा-तेरा मीटरांपलीकडे जात नाही.

ताईने हे सगळे ऐकले. फुगडीची गोष्ट तिला पटली. ती म्हणाली, "म्हनजे पोरगी दिसली नाही, तरी बाईच्या चालीतून ते दिसते." मी म्हटले, "अगदी तसेच." मग तिने दुसरा प्रश्न केला. "त्याले नाव काय? आन् ते कोनं ठेवलं?"

नावाची कथा दोन भागांत आहे. पहिले नाव, नाव कसले, क्रमांकच: एचडी ८६०८१. एचडी म्हणजे हेन्री ड्रेपर. हा अमेरिकेतला एक डॉक्टर, ताऱ्यांच्या प्रकाशाची छायाचित्रे घेण्यात अग्रेसर. तो अकाली वारल्यावर त्याच्या पत्नीने दिलेल्या पैशांतून हार्वर्डच्या वेधशाळेत ताऱ्यांची एक प्रचंड वही तयार झाली. तिच्यात सव्वादोन लाख ताऱ्यांची नोंद आहे. १९१८ ते १९२४ या वर्षांत ती नऊ खंडांत छापली गेली. ही वही भरली कोणी? प्रामुख्याने ॲनी जंप कॅनन या बाईने. तिला ऐकू फार कमी येत असे. काचेच्या पट्ट्या डोळ्यांशी धरून ती एकेका ताऱ्याचा वर्ग सांगे आणि शेजारी बसलेली मदतनीस टिपून घेई. हार्वर्डच्या त्या दालनात अशा अनेक स्त्रिया अल्प वेतनावर हे काम करीत. वहीवर नाव मात्र ड्रेपरचे. आपल्या ताऱ्याला ८६०८१ हा आकडा मिळाला तो या वहीत.

दुसरे नाव मिळाले ते १७ डिसेंबर २०१९ रोजी जाहीर झाले. आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाची स्थापना १९१९ ची. शतकपूर्तीनिमित्त संघाने ठरविले की, प्रत्येक देशाने एक तारा आणि त्याचा एक ग्रह यांचे बारसे करावे. शंभराहून अधिक देशांनी भाग घेतला. भारताच्या वाट्यास हा मघाखालचा तारा आला. अॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटी ऑफ इंडियाच्या वतीने देशभरातल्या विद्यार्थ्यांकडून आणि नागरिकांकडून नावे मागविली, मते घेतली, आणि दोन नावे ठरली. ताऱ्याचे नाव सुचविले सुरतेच्या एका अभियांत्रिकी विद्यार्थ्याने: बिभा. आपण मराठी माणसे म्हणू विभा. विभा म्हणजे प्रभा, प्रकाशाची तेजस्वी तिरीप. ग्रहाचे नाव सुचविले पुण्याच्या तेरा वर्षांच्या एका शाळकरी मुलाने: संतमस.

संतमस हा शब्द मला नवा होता. मी अमरकोश उघडला. तेथे अंधाराची प्रतवारीच लावून दिलेली आहे. दाट काळोख तो अंधतमस, विरलेला काळोख तो अवतमस, आणि चहूकडे पसरलेला, झाकोळून टाकणारा काळोख तो संतमस. ग्रहावरचे वातावरण ढगाळलेले असेल, या कल्पनेने त्या मुलाने हा शब्द निवडला. जेकब ज्या पुण्यात न दिसणाऱ्या ग्रहाचा ध्यास घेऊन मेला, त्याच पुण्यातल्या एका पोराने दीडशे वर्षांनी तशाच एका न दिसणाऱ्या ग्रहाचे नाव ठेवले! इतिहास असे काही करतो तेव्हा कादंबरीकाराने आपली लेखणी खाली ठेवावी हेच बरे.

विभा आणि संतमस. उजेड आणि त्याच्याभोवती फिरणारा अंधार. दिवाळीला याहून शोभणारी जोडी कोणती?

"उजेड-अंधार समजलं," ताई म्हणाली, "पन बिभा हे तं बाईचं नाव वाटते. कोन होती ते बाई?"

हा तिचा तिसरा प्रश्न, आणि खरा प्रश्न हाच.

बिभा चौधुरी यांचा जन्म १९१३ चा, कलकत्त्याचा. १९३६ मध्ये त्या कलकत्ता विद्यापीठातून पदार्थविज्ञान घेऊन एम.एस्सी. झाल्या. त्या वर्षी त्या वर्गात त्या एकट्याच स्त्री. पुढे बोस इन्स्टिट्यूटमध्ये देवेंद्रमोहन बोस यांच्या हाताखाली त्यांनी विश्वकिरणांचा अभ्यास सुरू केला. अंतराळातून पृथ्वीवर सतत अतिसूक्ष्म कणांचा वर्षाव होत असतो. ते कण छायाचित्राच्या काचेवरील लेपातून गेले तर काच धुतल्यावर त्यांचा माग सूक्ष्मदर्शकाखाली दिसतो. ओल्या मातीवरून गोगलगाय गेली की चकाकती रेघ राहते, तसा हा माग. रेघ किती जाड, कितपत वाकडी, यावरून कण किती जड ते ठरवावयाचे. पुन्हा तेच: जो दिसत नाही त्याला त्याच्या मागावरून ओळखावयाचे!

बोस आणि बिभा चौधुरी यांनी अशा काचा दार्जिलिंगला, सांदकफूच्या बारा हजार फुटांच्या शिखरावर आणि त्याहूनही उंच हिमालयात महिनोन् महिने ठेवल्या. मग एकेक काच सूक्ष्मदर्शकाखाली घेऊन त्या रेघा मोजल्या. विद्युत्कणाच्या सुमारे दोनशे पट वजनाचे कण त्यांना आढळले. त्यांचे निष्कर्ष इंग्लंडच्या 'नेचर' या नामांकित साप्ताहिकात १९४० नंतरच्या दोन-तीन वर्षांत प्रसिद्ध झाले. आणखी अचूक मोजावयास अधिक संवेदनक्षम काचा हव्या होत्या. महायुद्ध पेटलेले, त्या काचा हिंदुस्थानात मिळेनात. काम तेथेच थांबले. युद्ध संपल्यावर इंग्लंडात सेसिल पॉवेल यांनी याच पद्धतीने, सुधारलेल्या काचा घेऊन, १९४७ मध्ये 'पायॉन' नावाचा कण सिद्ध केला, आणि १९५० चे नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले. पॉवेल यांनी पुढे या दोन हिंदी शास्त्रज्ञांच्या आधीच्या कामाची नोंद आपल्या लेखनात घेतली, हे त्यांच्या मोठेपणाला धरूनच झाले. पण पारितोषिकात नोंदीला वाटा नसतो. जेकबची मोजपट्टी आखूड पडली होती. बिभा चौधुरींच्या हातची मोजपट्टी युद्धाने काढून घेतली.

त्या खचल्या नाहीत. १९४५ मध्ये इंग्लंडला गेल्या आणि मँचेस्टरला पॅट्रिक ब्लॅकेट यांच्या प्रयोगशाळेत विश्वकिरणांच्या फवाऱ्यांवर संशोधन करून त्यांनी डॉक्टरेट मिळविली. तेथल्या एका वृत्तपत्राने या हिंदी शास्त्रज्ञ स्त्रीची मुलाखतही छापली. १९४९ मध्ये होमी भाभा यांनी त्यांना मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत घेतले. त्या संस्थेतल्या त्या पहिल्या स्त्री संशोधक. संस्था तेव्हा गेटवेजवळच्या जुन्या यॉट क्लबच्या इमारतीत होती. ज्या मुंबईत आपल्या आज्या-पणज्या ट्रामचे तिकीट काढून राणीचा बाग पाहण्यास जात, त्याच मुंबईत समुद्राकाठच्या एका खोलीत ही बंगाली बाई ताऱ्यांकडून आलेल्या कणांचे माग काढीत बसलेली होती. आठ वर्षे त्या तेथे होत्या. पुढे अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेशी त्यांचा संबंध आला, कोलारच्या सोन्याच्या खाणीत खोल जमिनीखाली चाललेल्या विश्वकिरणांच्या प्रयोगांत त्यांनी भाग घेतला, आणि शेवटची वर्षे कलकत्त्यास काढली. मृत्यूच्या आदल्या वर्षापर्यंत त्यांचे शोधनिबंध छापले जात होते. २ जून १९९१ रोजी त्या वारल्या.

देशाचा कोणताही मोठा सन्मान त्यांना मिळाला नाही. आमच्या शाळेच्या भिंतीवर भारतीय शास्त्रज्ञांच्या तसबिरी आहेत. मी स्वतःच त्या आणून लावल्या आहेत. रामन आहेत, भाभा आहेत, जगदीशचंद्र बोस आहेत. बिभा चौधुरी नाहीत. मला त्यांचे नावच ठाऊक नव्हते. २०१८ मध्ये राजिंदर सिंग आणि सुप्रकाश रॉय या दोघा अभ्यासकांनी त्यांचे चरित्र इंग्रजीत प्रसिद्ध केले, आणि दुसऱ्याच वर्षी ताऱ्याला त्यांचे नाव मिळाले. तेव्हा कोठे ते माझ्यासारख्या मास्तराच्या कानावर आले.

येथे मला माझ्या जिल्ह्याची एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. आमचे वाशिम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. अजिंठ्याचे सोळावे लेणे ज्याने कोरविले, तो वराहदेव याच शाखेच्या हरिषेण राजाचा मंत्री. पण ही शाखा होती हेच जग विसरून गेले होते. अजिंठ्याच्या भिंतीवरला लेख झिजलेला, त्यातले मूळ पुरुषाचे, सर्वसेनाचे, नाव कोणास नीट लागेना. १९३९ मध्ये वाशिमला विंध्यशक्ती दुसरा याचा ताम्रपट हाती आला. यवतमाळचे य. खु. देशपांडे यांनी तो उजेडात आणला, महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांच्यासारख्या पंडितांनी त्याची संगती लावली, आणि एक हरवलेले राजघराणे नावागावासह इतिहासात परत आले. राजा होता, राजधानी होती, काव्यशास्त्रविनोद होता. पण तांब्याचा एक पत्रा मातीतून वर येईपर्यंत ते सारे संतमसात होते.

राजांची ही गत, तर प्रयोगशाळेत वाकून काचा पाहणाऱ्या एका बाईची काय कथा? तिचा ताम्रपट तिच्या मागे अठ्ठावीस वर्षांनी सापडला आणि तो आकाशात लावला गेला, एवढाच फरक.

आणि ज्यांचा ताम्रपट कोठेच नाही त्यांचे काय, हा विचार मी ताईसमोर बसून करीत होतो. तो मी बोलून दाखविला नाही. हंड्यातले पाणी कढत झाले होते. तिने पऱ्हाटी मागे ओढली आणि निखाऱ्यांकडे पाहत म्हणाली, "बाईचं नाव आभायात लावलं, चांगलं केलं. पन जितेपनी लावलं असतं तं तिच्या डोयानं तिनं पायलं असतं."

मी गप्प राहिलो. यावर मास्तराजवळ उत्तर नव्हते.

थोड्या वेळाने ती पुन्हा बोलली, आता सरळ माझ्याकडे पाहून. तिची धाकटी मुलगी, माझी भाची, त्या वर्षी बारावी विज्ञानाला होती. घरात स्थळांचे बोलणे सुरू झाले होते, ते मला ठाऊक होते. भाऊबीजेचे दोन दिवस त्यावर चकार शब्द निघाला नव्हता. ताई म्हणाली, "अकोल्याले पोरींचं होस्टेल असते ना? वर्साचे किती पैसे पडतात, तू पाहून ठेव. तिच्या बापाशी मी बोलतो." आमच्या वऱ्हाडात बाया 'मी बोलतो'च म्हणतात. त्या दिवशी तो शब्द मला निराळाच ऐकू आला.

शिरपूरच्या अंतरिक्ष पार्श्वनाथामुळे आमच्या मुलांना 'अंतरिक्ष' हा शब्द पुस्तक उघडण्याआधीच ठाऊक असतो. मूर्ती जमिनीला न टेकता अधांतरी आहे, अशी तेथील भाविकांची श्रद्धा. लहानपणी मला वाटे, अंतरिक्ष म्हणजे शिरपूर. आता मी वर्गात सांगतो की, मघाच्या उजव्या हातास दीड मूठ मोजा, तेथे काही दिसणार नाही, पण तेथे एक बाई आहे आणि तिच्याभोवती एक अंधार दर दोन दिवसांनी फेरी घालतो आहे. मुले हसतात. एखादी मुलगी हसत नाही, मूठ पुढे धरून वर्गाच्या छताकडेच मोजू लागते. मी तिचे नाव मनात टिपून ठेवतो.

यंदाच्या नरकचतुर्दशीला अभ्यंगस्नानासाठी आपण पहाटे उठालच. पणत्या लावण्यापूर्वी दोन मिनिटे अंगणात किंवा गच्चीवर जाऊन पूर्वेकडे पाहा. विळा सापडेल, मघा सापडेल. मग मूठ मोजा. घरात मुलगी असेल तर तिलाही मोजू द्या.

भाची गेल्या जुलैत अकोल्यास बी.एस्सी.ला गेली. वसतिगृहाचे पहिल्या सहामाहीचे पैसे ताईने भाऊबीजेच्या ओवाळणीतून साठविले होते. तिची एवढ्या वर्षांची ओवाळणी, मी घातलेली, तिने खर्चलीच नव्हती. यंदा ती भाऊबीजेला आली की मी काय घालावे, याचा विचार करतो आहे. लहानशी एक दुर्बीण बरी पडेल असे वाटते.